विश्लेषण : मूर्ख नेहमी दुसराच का वाटतो? समर्थांची ‘मूर्खलक्षणे’ आणि आधुनिक मानसशास्त्र काय सांगते?

मूर्खांची यादी करायला बसले की कुणालाही कागद कमी पडतो. मात्र त्या यादीत स्वतःचे नाव लिहिणारा सहसा सापडत नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी अशी एक यादी केली, पण त्यात कुणाचेही नाव घातले नाही. ‘दासबोधा’त त्यांनी फक्त मूर्खाची लक्षणे सांगितली आणि नावाची जागा मोकळी सोडली. वाचणारे बहुतेक जण ती जागा शेजाऱ्याच्या, साडूच्या किंवा कचेरीतल्या साहेबाच्या नावाने भरतात. असे का होते, याचा शोध मानसशास्त्र गेली काही दशके प्रयोगशाळेत घेत आहे. त्याची उत्तरे आणि समर्थांची निरीक्षणे शेजारी ठेवून पाहिली, तर माणसाच्या स्वतःविषयीच्या अज्ञानाचे बरेच मजेशीर आणि काहीसे महागडे चित्र समोर येते.

नाशिकशी याचा संबंध काय?

समर्थांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवात ‘सावधान’ हा शब्द ऐकून ते निघून गेले आणि नाशिकला आले, अशी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. नाशिकच्या पंचवटीत राममंदिर आणि जवळच टाकळी येथे गोदावरी व नंदिनीचा संगम. या टाकळीत त्यांनी सुमारे बारा वर्षे साधना केली, असे परंपरा मानते. नदीच्या पात्रात उभे राहून जप आणि नंतर पंचवटीत ग्रंथांचा अभ्यास, असा त्यांचा दिनक्रम सांगितला जातो. टाकळी आता नाशिक शहराचाच भाग असून तेथील गोमय मारुतीच्या दर्शनाला आजही गर्दी होते. ती नंदिनी मात्र अनेकांच्या तोंडी ‘नासर्डी’ झाली आहे. नदी कुणी नासवली, असे विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील. मूर्खलक्षणांचा विषय तिथूनच सुरू होतो.

समर्थांच्या यादीत नेमके काय आहे?

‘दासबोधा’त वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास अशी रचना आहे. दुसऱ्या दशकाचा पहिला समास ‘मूर्खलक्षण’ आणि शेवटचा, म्हणजे दहावा, ‘पढतमूर्खलक्षण’. पहिल्या समासातील सत्तरहून अधिक ओव्यांत लहानमोठ्या लक्षणांची रांगच लागते. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, वाडवडिलांच्या कर्तृत्वावर बढाई मारणारा, कारण नसताना हसणारा, अंगात बळ नसताना सत्ता गाजवणारा, घरी शहाणपण पाजळून सभेत लाजणारा, असे नमुने त्यात भेटतात. दोघे बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा तिसराही आहे. दोन्ही हातांनी डोके खाजवणाऱ्यालाही सोडलेले नाही. पोथी वाचताना अक्षरे गाळणारा, पदरची अक्षरे घालणारा आणि स्वतः वाचत नाही, दुसऱ्यालाही वाचू देत नाही, असा पुस्तक बांधून ठेवणाराही या पंगतीत आहे. 

काही लक्षणे अर्थातच त्या काळाची आहेत. सासुरवाडीला राहणारा किंवा बायकोच्या शब्दाबाहेर नसणारा पुरुष मूर्ख ठरवणे आजच्या वाचकाला पटणार नाही आणि पटायचे कारणही नाही. पण बहुतेक लक्षणे अजून जुनी झालेली नाहीत. फक्त सभेच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि पोथीच्या जागी न वाचता पुढे ढकललेला मजकूर आला आहे.

वाचताना दुसराच का आठवतो?

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण मानसशास्त्रातील एका मोठ्या सिद्धान्ताचा सारांश आहे. दुसरा उशिरा आला तर तो बेशिस्त. आपण उशिरा आलो तर द्वारका चौकात कोंडी होती. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि स्वतःच्या वागण्याचे परिस्थितीत, ही माणसाची सवय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये यातील पहिल्या अर्ध्या भागाला ‘मूलभूत कारणमीमांसेची चूक’ असे नाव दिले.

त्यापुढची पायरी एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवली. त्यांनी लोकांना पूर्वग्रहांचे वेगवेगळे प्रकार समजावून सांगितले आणि विचारले की हे दोष तुमच्यात किती आणि इतरांत किती? बहुतेकांनी इतरांना जास्त गुण दिले. म्हणजे पूर्वग्रहांबद्दल नुकतेच वाचलेला माणूसही ‘लोक असेच असतात’ म्हणून मोकळा होतो. या दोषाला ‘पूर्वग्रहाचा अंधबिंदू’ म्हणतात. कुसळ आणि मुसळाची म्हण मराठी माणसाला पाठ असते, आणि ती तो नेहमी दुसऱ्यालाच ऐकवतो.

यामागे एक साधे कारण आहे. स्वतःला तपासताना माणूस आपल्या मनातला हेतू पाहतो, आणि हेतू बहुधा चांगलाच असतो. दुसऱ्याला तपासताना मात्र त्याचे वागणे पाहतो, कारण तेवढेच दिसते. एकाचा न्याय हेतूवर आणि दुसऱ्याचा कृतीवर, असे दोन कायदे लावल्यावर निकाल कुणाच्या बाजूने लागणार, हे सांगायला वकील लागत नाही.

सगळेच सरासरीपेक्षा चांगले कसे?

१९८१ मध्ये ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने अमेरिका आणि स्वीडनमधील विद्यार्थ्यांना गाडी चालवण्याबद्दल विचारले. गटातील मधल्या चालकापेक्षा आपण जास्त सुरक्षित गाडी चालवतो, असे अमेरिकी गटातील ८८ टक्के आणि स्वीडिश गटातील ७७ टक्के जणांनी सांगितले. गणिताने हे शक्य नाही. मधल्या माणसाच्या वर फार तर निम्मे असू शकतात. 

हा प्रयोग नाशिकमध्ये करण्याची गरज नाही. मुंबई नाक्यावरच्या कोंडीत अडकलेला प्रत्येक चालक ‘लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही’ असे म्हणत असतो आणि त्याच्या पुढचा व मागचा चालकही त्याच्याबद्दल तेच म्हणत असतो. कोंडी ही नेहमी इतरांची बनलेली असते. आपण तिच्यात फक्त सापडलेले असतो.

उथळ पाण्याला खळखळाट का?

१९९५ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात एका माणसाने चेहरा न झाकता दोन बँका लुटल्या. पोलिसांनी कॅमेऱ्यातील चित्रण दाखवले तेव्हा तो चकित झाला. आपण चेहऱ्याला लिंबाचा रस लावला होता, असे त्याचे म्हणणे होते. लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरे दिसत नाहीत, मग चेहरा कसा दिसेल, हा त्याचा हिशेब. कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मधील आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधाची सुरुवात याच प्रसंगाने केली. 

विनोद ओळखणे, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या त्यांनी विद्यार्थ्यांना दिल्या. सर्वात खालच्या चतुर्थांशातील विद्यार्थी प्रत्यक्षात शंभरांत सरासरी बाराव्या स्थानाच्या पातळीवर होते. स्वतःला मात्र ते बासष्टाव्या स्थानाच्या आसपास समजत होते. (इथे जितका आकडा मोठा, तितकी कामगिरी चांगली.) चांगले व्याकरण लिहिण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच आपले व्याकरण चुकले हे ओळखण्यासाठी लागते. ते नसले की चूकही होते आणि ती कळतही नाही.

या सिद्धान्ताचा आज इतका बोलबाला आहे की त्याच्याबद्दलही थोडे सावध राहिलेले बरे. समाजमाध्यमांवर फिरणारा ‘मूर्खपणाचा डोंगर’ दाखवणारा आलेख मूळ निबंधात नाही. शिवाय, दिसणाऱ्या परिणामाचा काही भाग हा आकडेमोडीतून आपोआप येतो, असा आक्षेप नंतरच्या अनेक संशोधकांनी घेतला आहे. आपल्या क्षमतेचा अंदाज बऱ्याच जणांचा चुकतो, यावर फारसा वाद नाही. तो अडाण्यांचाच सर्वाधिक चुकतो का आणि किती, यावर आहे. तरीही दुसऱ्याला गप्प करण्यासाठी हा सिद्धान्त सर्रास फेकला जातो. मूळ निबंध न वाचता तो उद्धृत करणाऱ्यांची संख्या पाहिली, तर अक्षरे गाळून पदरची घालणाऱ्या पोथीवाचकाची आठवण होते.

शहाणे लोक तरी सुटतात का?

समर्थांचे खरे कौशल्य इथे दिसते. मूर्खांची यादी झाल्यावर त्यांनी विद्वानांकडे मोर्चा वळवला. पढतमूर्ख म्हणजे शहाणा असूनही मूर्ख. तो बहुश्रुत असतो, ब्रह्मज्ञान उत्तम सांगतो, पण अभिमान आणि हाव सोडत नाही. स्वतःच्या विद्येच्या जोरावर सगळ्यांना कमी लेखतो. ग्रंथ मागचा-पुढचा न वाचता त्यात दोष काढतो. जे स्वतः करत नाही ते लोकांना शिकवतो. 

२०१२ मध्ये रिचर्ड वेस्ट, रसेल मेसर्व्ह आणि कीथ स्टॅनोविच यांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष याच्याशी जुळणारा आहे. बौद्धिक चाचण्यांत चांगले गुण मिळवणाऱ्यांचा ‘अंधबिंदू’ लहान असेल, अशी अपेक्षा होती. तो लहान निघाला नाही; उलट काहीसा मोठाच निघाला. हुशारीचा उपयोग माणूस सत्य शोधण्यासाठी करतो तसाच आपली बाजू मांडण्यासाठीही करतो आणि स्वतःचा प्रश्न आला की दुसरे काम जास्त होते. साध्या माणसाला चूक लपवायला एखादी सबब सापडते. पदवीधराला चार सापडतात, त्याही संदर्भासह.

आपल्या वागण्याचे कारण आपल्याला तरी कळते का?

१९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी एका दुकानात स्त्रियांच्या पायमोज्यांचे चार जोड मांडले आणि सर्वात चांगला निवडायला सांगितले. सर्वात उजवीकडच्या जोडाला डावीकडच्यापेक्षा जवळपास चौपट पसंती मिळाली. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत यांचे गुण सांगितले. प्रत्यक्षात चारही जोड हुबेहूब सारखे होते. जागेमुळे निवड केली असे कुणीही आपणहून सांगितले नाही. २००५ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी तर लोकांनी निवडलेले छायाचित्र हातचलाखीने बदलून, न निवडलेले त्यांच्या हाती दिले. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षात आली नाही आणि ‘हेच का निवडले’ याची कारणेही सांगितली गेली. म्हणजे मन हे निर्णय घेणारे कमी आणि झालेल्या निर्णयाचे प्रसिद्धिपत्रक काढणारे जास्त आहे.

नाशिकला याची आठवण करून देणारी आणखी एक व्यक्तिरेखा आहे. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केलेला गणपतराव बेलवलकर मराठी माणसाच्या मनात कायमचा बसला. या नाटकाला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बेलवलकर आयुष्यभर इतरांची मने रंगमंचावर जगतो. पण आपल्या घरात आपली जागा काय, आपल्या मुलांचे आपल्यावाचून कसे चालते, हे त्याला कळत नाही. त्याच्या शोकांतिकेत मुलांच्या वागण्याइतकाच हा न कळण्याचाही वाटा आहे. माणूस ओळखण्याचे कौशल्य आणि स्वतःला ओळखण्याचे कौशल्य ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही.

मग कुंडली किंवा स्वभावचाचणी ओळख करून देते का?

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘खास’ वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर उघड झाले की सगळ्यांना एकच मजकूर मिळाला होता आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकावरून घेतला होता. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य कुणाला लागू पडत नाही?

महाराष्ट्रातही एक चाचणी झाली. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने २००८ मध्ये ज्योतिषांना आवाहन केले. हुशार विद्यार्थ्यांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या जमवण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाने त्यातील ४० कुंडल्या पाहून कोणती कोणत्या गटातली, ते ओळखायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांचे सरासरी यश ४६ टक्के होते. नाणे उडवले असते तरी साधारण ५० टक्के यश मिळाले असते. कुंडलीत आपल्याला आपला स्वभाव ‘तंतोतंत’ दिसतो, तेव्हा जुळवाजुळव बहुधा वाचणाराच करत असतो.

या अज्ञानाची किंमत काय?

विनोद इथे संपतो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातील वायदे व्यवहारांचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाख रुपयांहून जास्त नफा कमावणारे जेमतेम एक टक्का होते. तोटा झालेल्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणांनी व्यवहार चालूच ठेवले. आपण त्या सात टक्क्यांतले आहोत, या विश्वासाशिवाय हे शक्य नाही. नफा झाला तर आपला अभ्यास, तोटा झाला तर बाजाराची चूक, असा हिशेब ठेवला की अनुभवातून शिकण्याचा रस्ताच बंद होतो.

रस्त्यावरही तेच. नाशिक शहर पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू केली होती. हेल्मेट डोके वाचवते हे न कळणारा दुचाकीस्वार विरळा. तरी पेट्रोल अडवण्याची वेळ येते, कारण अपघात होतात हे प्रत्येकाला मान्य असते. ते आपल्याला होतील, हे नसते. ऑनलाइन फसवणुकीत अडकणाऱ्यांत शिकलेले, मोठ्या पदावरून निवृत्त झालेले लोक असतात, त्याचेही एक कारण हेच. ‘मला कोण फसवणार’ हा विचार म्हणजे उघडे ठेवलेले दार.

यावर उपाय आहे का?

पूर्ण उपाय नाही. पण काही गोष्टी उपयोगी पडतात, असे संशोधन सांगते. पहिली म्हणजे दुसऱ्याला विचारणे. सिमिन वझीर यांच्या २०१० मधील अभ्यासानुसार चिंता, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टी माणसाला स्वतःच्या जास्त चांगल्या कळतात. बुद्धी, सर्जनशीलता अशा प्रतिष्ठेच्या गुणांबाबत मात्र मित्रांचा अंदाज जास्त बरोबर ठरतो. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी मांडलेली ‘जोहरी खिडकी’ हेच सांगते. नाव ऐकून जवाहिऱ्याची आठवण होते, पण ते ‘जो’ आणि ‘हॅरी’ या दोन नावांतून बनले आहे. इतरांना दिसणारा आणि आपल्याला न दिसणारा असा एक चौकोन प्रत्येकात असतो. तो उघडण्याची किल्ली इतरांकडेच असते. अट एवढीच की उत्तर ऐकल्यावर उत्तर देणाऱ्याशी अबोला धरायचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंदाज आधी लिहून ठेवणे. गुंतवणूक, कामाची मुदत, परीक्षेतील गुण यांचा अंदाज तारखेसह लिहिला आणि नंतर ताडून पाहिला, तर ‘मला वाटलंच होतं’ म्हणण्याची सोय राहत नाही.

तिसरी गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवले की माणूस स्वतःच्या पेचापेक्षा मित्राच्या पेचाबद्दल अधिक शहाणपणाने विचार करतो. मात्र स्वतःच्या प्रश्नाकडे दुसऱ्याचा असल्यासारखे पाहिले की हा फरक मिटतो. दुसऱ्याला सल्ला देण्याची जी हौस प्रत्येकाला असते, ती इथे कामाला येते. फक्त सल्ला घेणारा आपणच असायचा. समर्थांच्या ‘मनाच्या श्लोकां’चा घाटही असाच आहे. २०५ श्लोकांत ते मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलतात.

लक्षणे ऐकून श्रोत्यांनी दुःख मानू नये, अवगुण सोडले की सुखच मिळते, असा दिलासा समर्थांनी पढतमूर्खाच्या समासात दिला आहे. लक्षणे सांगितली ती सोडून देण्यासाठी, कुणाला चिकटवण्यासाठी नव्हे. तेव्हा पुढच्या वेळी ती यादी वाचताना एखादे लक्षण साडूला अगदी चपखल बसते असे वाटले, तर तेच लक्षण साडूच्या हाती देऊन ‘हे कुणाला लागू पडते’ असे विचारायला हरकत नाही. उत्तर बहुधा चटकन मिळेल.